किती रक्त गेलं, हे सांगणारी रेघ

बाळ बाहेर आलं की बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची एक प्लास्टिकची चादर असते. पोटाशी बांधायला दोन बंद, खाली निमुळती होत गेलेली पिशवी आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. अंगावरून जाणारं रक्त पिशवीत उतरतं आणि रेघेवर नजर टाकली की आकडा कळतो.

ही चादर नव्हती तेव्हा आकडा डोळ्याने ठरायचा. खोलीत मंद उजेड, बाईच्या अंगाखाली जुनं लुगडं, त्याखाली गोणपाट, त्याखाली सारवलेली जमीन. लुगडं भिजतं तेवढं दिसतं. गोणपाटात मुरलेलं आणि जमिनीत जिरलेलं कुणालाच दिसत नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून चादरीची आणि डोळ्याच्या अंदाजाची तुलना केली, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. डोळ्याचा अंदाज चादरीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. चादर ६०० सांगते तिथे डोळा ४०० सांगतो. बाळंतपणानंतर ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणायचं, ही वैद्यकातली नेहमीची मर्यादा. ती बरोबर ४०० आणि ६०० यांच्या मध्ये पडते. डोळा ‘ठीक आहे’ म्हणत असतो तोवर बाई मर्यादेच्या पलीकडे गेलेली असते. आणि ५०० ही मर्यादा धडधाकट बाईची. जिचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे तिच्यासाठी त्याच्या निम्मं रक्तही जड जाऊ शकतं.

‘आर्थिक आणि सामाजिक हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हे शब्द कानावर पडले की डोळ्यांसमोर जिनिव्हातलं सभागृह येतं, देशांच्या पाट्या आणि पाण्याच्या बाटल्या येतात. मला मात्र या विषयात शिरायला ही पिशवीवाली चादर जास्त खरी वाट वाटते. कारण ती वाट बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांतून जाते.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात या जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक चाचणी झाली. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा आणि गेट्स फाउंडेशनचा, डॉक्टर बेळगावचे आणि अमेरिकेचे, आणि प्रत्यक्ष काम २५ नर्सबायांचं, म्हणजे उपकेंद्रांवरच्या एएनएमचं. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका तीत सामील झाल्या. नाळ बांधून कापल्यावर पाच मिनिटांच्या आत बाईला तीन गोळ्या पाण्याबरोबर द्यायच्या. ८१२ जणींना मिळालं मिसोप्रोस्टॉल हे गर्भाशय आवळणारं औषध, प्रत्येक गोळी २०० मायक्रोग्रॅमची, एकूण ६००. ८०८ जणींना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे देणाऱ्या नर्सबाईलाही ठाऊक नव्हतं. रक्त मोजायला अर्थातच तीच रेघांची चादर.

औषध नसलेल्या गटात १०० पैकी १२ जणींना अतिरक्तस्राव झाला. औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण ६.४ टक्क्यांवर आलं. लिटरभर रक्त जाण्याचा गंभीर प्रकार १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर उतरला. हिशेब असा निघाला की १८ बायकांना गोळ्या दिल्या तर त्यांतल्या एकीचा अतिरक्तस्राव टळतो. २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मिसोप्रोस्टॉलला या कामासाठी जागा दिली: जिथे याच कामाचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मिळत नाही किंवा सुरक्षितपणे देता येत नाही, तिथे. त्या निर्णयामागच्या पुराव्यांत बेळगाव जिल्ह्याचा पुरावा वजनदार होता.

आता कायद्याची बाजू. कायदा आणि ही गोळी यांना जोडणारा सांधा नेमका त्या यादीत आहे, आणि तो सहसा कुणी दाखवत नाही.

आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १६ डिसेंबर १९६६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केला, ३ जानेवारी १९७६ पासून तो लागू झाला, आणि भारत १० एप्रिल १९७९ रोजी त्यात सामील झाला. त्याचं दुसरं कलम सांगतं की प्रत्येक देशाने स्वतःच्या बळावर आणि आंतरराष्ट्रीय साहाय्य व सहकार्यातून, विशेषतः आर्थिक आणि तांत्रिक, हाताशी असतील तेवढी सगळी साधनं लावून या हक्कांच्या दिशेने पावलं टाकायची. बारावं कलम आरोग्याचं. ‘पावलं टाकायची’ या शब्दांत पळवाट आहे, असं सरकारांना फार लवकर कळलं: आमची पावलं चालू आहेत, पोचू सावकाश. म्हणून करारावर देखरेख करणाऱ्या १८ तज्ज्ञांच्या समितीने १९९० साली स्पष्ट केलं की प्रत्येक हक्काचा एक किमान गाभा असतो आणि तो न देणाऱ्या देशाला आपण सगळी साधनं पणाला लावली हे सिद्ध करावं लागेल. २००० साली आरोग्याच्या हक्कावर लिहिताना समितीने त्या गाभ्यात अत्यावश्यक औषधं घातली, आणि ती कोणती याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटना वेळोवेळी ठरवेल ती, असं दिलं. गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची काळजीही तितक्याच निकडीची मानली.

म्हणजे साखळी अशी. खेड्यातली एक बाई नर्सबाईने दिलेल्या तीन गोळ्या गिळते. तिचं रक्त चादरीत मोजलं जातं. तो आकडा नियतकालिकात जातो, तिथून यादीत जातो. यादीत गेल्यावर ती गोळी देशाच्या किमान कर्तव्याचा भाग होते, आणि जे देश मदत करण्याच्या स्थितीत आहेत त्यांच्याही. समितीने हे दुसरं वाक्यही लिहून ठेवलं आहे. सहकार्य ही मर्जीची गोष्ट नाही, सामील झालेल्या प्रत्येक देशावरचं बंधन आहे, आणि ज्यांच्या हाती जास्त आहे त्यांच्यावर ते अधिक आहे.

मदत म्हटली की आपल्या मनात वरून खाली येणारी वस्तू येते: गोणी, डबे, चेक. इथे पैसा एका दिशेने आला आणि ज्ञान दुसऱ्या दिशेने गेलं. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे अशीच रेघांची चादर वापरली आणि रक्त जास्त जातंय असं दिसताच ओटीपोट चोळणं, गर्भाशय आवळणारं औषध, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी ही पाचही कामं एकापाठोपाठ एक न करता एकत्रच सुरू केली. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्राव झालेल्या बायकांपैकी जेमतेम निम्म्या ओळखल्या जात होत्या. चादर आल्यावर ९३ टक्के ओळखल्या गेल्या. लिटरभर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. यातलं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने १९६२ साली जगासमोर आणलं, नेमकं बाळंतिणींचे मृत्यू थांबावेत या इच्छेने. २०१७ साली २१ देशांतल्या २०,०६० बायकांवर ते तपासलं गेलं. एक ग्रॅम, शिरेतून, तीन तासांच्या आत. प्रत्येक पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा उपयोग सुमारे दहा टक्क्यांनी घटतो.

मात्र त्या ८०८ जणींपाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तेव्हा त्या भागात घरच्या बाळंतपणात असं औषध देण्याची पद्धतच नव्हती, म्हणून औषध नसलेला गट ठेवणं नियमांत बसत होतं. पण ‘तिथे पद्धत नव्हती’ हेच तर मुळातलं दुखणं. ज्या बायकांच्या शरीरातून जगाला उत्तर मिळालं, त्यांचा त्या उत्तरावर पहिला हक्क आहे. हे माझं भावनिक म्हणणं नाही. कराराचं पंधरावं कलम विज्ञानाच्या प्रगतीचा लाभ मिळण्याचा हक्क प्रत्येकाला देतं. बेळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात आज रात्री बाळंत होणारी बाई त्या १६२० जणींची मुलगी असू शकते. तिच्यासाठी कपाटात गोळ्या आहेत का, एवढाच प्रश्न आहे.

कपाटापासून बाईपर्यंत काय काय बिघडतं, ते नीट सांगायला हवं, कारण करार तिथेच पाळला जातो किंवा मोडतो.

पहिली गोष्ट, ऑक्सिटोसिन हेच पहिलं औषध. दहा युनिट, स्नायूत, बाळ आल्यावर मिनिटभरात. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं असतं. प्रसूतीच्या खोलीत ट्रेवर सकाळपासून मांडून ठेवलेल्या कुप्या मे महिन्यात दुपारपर्यंत तापतात, आणि रंग तर बदलत नाही. पाण्यासारखं होतं ते पाण्यासारखंच दिसतं. कुपी लागेल तेव्हाच फ्रिजमधून काढावी, लशींच्या फ्रिजमध्ये जागा असेल तर तिथे वेगळ्या डब्यात नाव घालून ठेवावी. त्याच कामाचं, उष्णता सोसणारं कार्बेटोसिन आता आहे. २०१८ साली भारतासह दहा देशांत २९ हजारांहून जास्त बायकांवर ते तपासलं गेलं आणि २०१९ मध्ये यादीत गेलं. ३० अंशांत ते तीन वर्षं टिकतं. निपाणी-चिकोडीकडच्या उन्हाळ्यातल्या दुपारी पारा याच्याही वर जातो, तेव्हा त्यालाही सावलीची जागा हवीच.

मिसोप्रोस्टॉलचा शत्रू दमट हवा. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत गोळी टिकते. प्लास्टिकच्या फुगीर पट्टीत, किंवा पट्टी कापून पुडीत बांधून दिली, की खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसाळ्यात ती बसल्या जागी निकामी होत जाते. तारीख संपायच्या कितीतरी आधी.

गोळ्या द्यायच्या आधी पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना, हे बघायचं. ही एक पायरी चुकली तर घात होतो: जुळ्यातलं दुसरं आत असताना गर्भाशय करकचून आवळलं तर बाळ जातं, गर्भाशय फाटून आईही जाऊ शकते. बाळ येण्याआधी कळा वाढाव्यात म्हणून या तीन गोळ्या कधीच द्यायच्या नाहीत. बाळ आलं, दुसरं नाही याची खात्री झाली, की लगेच, वार पडायची वाट न बघता. नंतर थंडी वाजते, हुडहुडी भरते, कधी ताप चढतो. हे होणार हे घरच्यांना आधीच सांगितलं नाही तर ‘बाहेरचं काहीतरी झालं’ म्हणून अंगारे सुरू होतात, आणि पुढच्या वेळी त्या घरातली बाई गोळ्या घ्यायला नकार देते. एक पांघरूण आणि दोन वाक्यं, एवढ्याने हे टळतं. हीच गोळी गर्भपातासाठीही वापरली जाते म्हणून ती कुलपात ठेवतात. किल्ली तालुक्याला गेलेल्या माणसाच्या खिशात असते.

सहकार्याच्या कागदांत अशा किल्लीचा उल्लेख कुठेच नसतो.

पैशांचं काय? १९७० साली श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीसाठी द्यावेत, असं आमसभेने ठरवलं. ते पाळणारे देश बोटांवर मोजण्याइतके. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदतीची कामं एका आदेशाने थांबवली. या कराराच्या आधाराने ती वाचवता येण्यासारखी नव्हती, कारण अमेरिकेने या करारावर १९७७ साली सही केली खरी, पण तो अजून पक्का केलेला नाही. भारत करारात आहे, मात्र वैयक्तिक तक्रारीची सोय देणाऱ्या २००८ च्या पुरवणी करारात नाही. खानापूरच्या बाईला जिनिव्हाला अर्ज करता येत नाही. तिचं न्यायालय इथलंच.

आणि बाहेरचा ठराव इथल्या कायद्यात उतरणं, हे याआधीही झालं आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली, तिथे भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. त्याच परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा पहिला आंतरराष्ट्रीय ठराव झाला: आधी सहा आठवडे, नंतर सहा आठवडे, आणि कामावर परतल्यावर बाळाला पाजायला दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास. जोशींनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात विधेयक आणलं, ते पडलं. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली असंच विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली आणि हा भार काही प्रमाणात सरकारनेही उचलावा असं म्हटलं. १९२९ साली कायदा झाला, कारखान्यातल्या बायांपुरता. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. आज कायद्यात २६ आठवडे आहेत, पण निपाणीत तंबाखू निवडणारी, घरी बसून विडी वळणारी बाई त्या २६ आठवड्यांत कितपत येते, हे तिच्या हजेरीपत्रकावर तिचं नाव आहे की नाही यावर ठरतं.

सीमेचा भाग असल्याने आपल्याकडे आणखी एक गाठ पडते. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात ३३ होते, कर्नाटकात ६९. हे सगळ्या राज्यांचे आकडे आहेत, सीमेवरच्या गावांचे नव्हेत. पण पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत राज्याची हद्द बघत नाही. सासर खानापूर तालुक्यात, माहेर चंदगडला. कर्नाटकात गरोदर बाईला मिळतं ते तपासण्यांच्या नोंदींचं तायी कार्ड, तायी म्हणजे कन्नडमध्ये आई. ते कन्नडमध्ये भरलेलं असतं. चंदगडच्या नर्सबाईला ते वाचता येत नाही, आणि मग ‘सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला होता’ ही ओळ कार्डावर असूनही नसल्यासारखी. उलट दिशेनेही तेच: जत, अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्या बाईचं कार्ड मराठीत भरलेलं, आणि ती विजापूरकडे माहेरी. करारातला भेदभाव न करण्याचा नियम भाषेचं नाव घेऊन सांगितलेला आहे, आणि आरोग्याची माहिती कळेल अशी मिळणं हा आरोग्याच्या हक्काचाच भाग मानलेला आहे. ज्या तालुक्यात अल्पसंख्य भाषिक १५ टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे भारतानेही फार पूर्वीच मान्य केलंय. त्यासाठी कुठल्याही राज्याला काही गमवावं लागत नाही. दोन भाषांतलं छापील कार्ड पुरे.

दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून २०१० रोजी बाळंतपणाच्या दोन प्रकरणांत निकाल देताना या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला, आणि गरीब कुटुंब एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं म्हणून त्याचे लाभ थांबू नयेत असं बजावलं. माझ्या मते सीमाभागातल्या प्रत्येक दवाखान्यात तो निकाल फ्रेम करून लावावा इतका तो आपला आहे.

तोवर माहेरी निघणाऱ्या बाईच्या पिशवीत काय असावं, ते सांगते. तायी कार्ड आणि त्याची दोन झेरॉक्स. आरसीएच क्रमांक, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, वेगळ्या कागदावर, कारण तो दोन्ही राज्यांच्या यंत्रणेत शोधता येतो. जननी सुरक्षा योजनेचं कार्ड आणि आशाकडून सहीची चिठ्ठी: खेड्यातल्या पात्र बाईचे ७०० रुपये जिथे बाळंतपण होईल तिथे मिळायला हवेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवणही. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात ठेवली तर ती जपून ठेवावी. मातृवंदना योजनेचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, आणि आधारवर माहेरचं नाव, खात्यावर सासरचं असलं की अडकतात. ते निघायच्या आधी सासरीच एक करून घ्यावं. जन्मनोंद जिथे बाळ झालं तिथेच, २१ दिवसांत, फुकट. आईबापाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर आहे तेच लिहून न्यावं. कन्नडमधून आणि मराठीतून इंग्रजीत गेलेलं एकच आडनाव दोन तऱ्हेने उतरतं, आणि शाळेच्या दाखल्यापर्यंत पाठ सोडत नाही.

आणि एक साधा पोस्टकार्डाएवढा कागद. वरच्या अर्ध्यात कन्नड, खालच्या अर्ध्यात मराठी. शेवटच्या पाळीची तारीख, शेवटचं हिमोग्लोबिन आणि ते कधी तपासलं, रक्तदाब, जुळं आहे की नाही, आधीचं सिझेरियन, मागच्या वेळी अंगावरून जास्त गेलं होतं का. सासरच्या नर्सबाईकडून भरून घ्यायला दहा मिनिटं लागतात. रक्तगट कोपऱ्यात, ठळक. तो दोन्हीकडे एकाच लिपीत लिहितात.